जुनी गाडी, नवं पेट्रोल आणि एक छोटं मीटर

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद... आपल्या सीमाभागात कुठेही जा, आजोबांच्या किंवा वडिलांच्या काळातली एखादी गाडी अजून जपून ठेवलेली दिसते. कुणाकडे मारुती ८००, कुणाकडे पद्मिनी, कुणाकडे पेट्रोलवरची जीप. शेतावर जायला, लग्नकार्याला, सणासुदीला ती बाहेर निघते. अलीकडे या गाड्यांबद्दल एक तक्रार वारंवार ऐकू येते. पिकअप गेला, चढावर मिसिंग करते, इंजिन लवकर तापतं. घरात एक जण म्हणतो, ई-२० पेट्रोलनं इंजिन खाल्लं. दुसरा म्हणतो, गाडीच म्हातारी झाली, विकून टाका. मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलून बघू.

इंजिन खोलण्याआधी यातला बराचसा वाद मिटवणारं एक छोटं उपकरण आहे. त्याला एएफआर मीटर म्हणतात, म्हणजे इंजिनात हवा आणि इंधन कोणत्या प्रमाणात जळतंय ते दाखवणारं मीटर. रेसिंगच्या गाड्यांत ते नेहमी असतं, पण त्याचा खरा उपयोग आपल्या जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना आहे.

हवा आणि पेट्रोलचा हिशोब

घरातल्या गॅसच्या शेगडीला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि भांड्याची बुडं काळी होतात. इंजिनाचंही तसंच. १ किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून कमी असेल तर मिश्रण ‘रिच’. अशी गाडी काळा धूर सोडते, प्लगवर काजळी धरते आणि एव्हरेज पडतो. हवा जास्त असेल तर मिश्रण ‘लीन’. अशा गाडीचा पिकअप अडखळतो, कार्बोरेटरमधून फट्‌ असा आवाज येतो. ओझ्याखाली सतत लीन चालली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्यापर्यंत आणि पिस्टनला इजा होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. रिच गाडी खिशाला लागते, लीन गाडी इंजिनाला लागते.

आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. तो सांगेल तसं संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. बॉशनं हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आणला. आपली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली तेव्हा तिच्यात साधा कार्बोरेटर होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनीतही तोच. कार्बोरेटरला डोळे नसतात. पितळी जेटच्या छिद्रातून जितकं पेट्रोल ओढलं जाईल तितकं तो देतो. पंपावरचं पेट्रोल बदललं, हे त्याला कळत नाही.

मीटर नेमकं काय मोजतं?

सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसतो आणि जळून गेलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला किंवा किती कमी पडला ते पाहतो. म्हणजे तो खरं तर ‘या इंधनाला जितकी हवा हवी होती तितकी मिळाली का’ एवढंच सांगतो. बरोबर तितकी मिळाली की उत्तर १. या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. बहुतेक मीटर हा लॅम्डा १४.७ नं गुणून आकडा दाखवतात. म्हणून टाकीत कोणतंही पेट्रोल असो, १४.७ दिसलं की हवा-इंधनाचा मेळ जमला असं समजायचं. १४.७ च्या खाली रिच, वर लीन. मीटर लॅम्डाच दाखवणारं असेल तर आणखी सोपं.

ई-२० नं काय बदललं?

आपल्या बीदर जिल्ह्यात ऊस मुबलक आहे. याच उसापासून आणि धान्यापासून बनलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. इथेनॉलच्या रेणूतच थोडा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते, १ किलोला सुमारे ९ किलो. २० टक्के इथेनॉल मिसळलं की मिश्रणाला १४.७ ऐवजी साधारण १३.५ किलो हवा पुरते. पण जुना जेट पूर्वीसारखीच हवा आणि इंधन देत राहतो. परिणामी गाडी आपोआप लीन होते.

किती? शुद्ध पेट्रोलवर सरळ रस्त्याला १४ दाखवणारी गाडी ई-२० वर १५ च्या आसपास दाखवेल. पूर्ण ओझ्यावर १२.८ दाखवणारी १३.८ च्या जवळ जाईल. पहिल्या बदलानं फारसं बिघडत नाही. दुसरा बदल लक्ष ठेवण्यासारखा आहे, कारण ओझ्याखाली रिच मिश्रणच इंजिनाला थंड ठेवतं. ई-२० ची एक बाजू चांगलीही आहे. त्याचा ऑक्टेन जास्त असल्यानं गाडी नॉक कमी करते. एव्हरेज मात्र घटतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के धरली होती. तेवढी घट इंधनाची आहे, इंजिनाची नव्हे. म्हणजे ‘इंजिन खाल्लं’ हे लगेच खरं नाही, आणि ‘काही होत नाही’ हेही नाही. आपल्या गाडीचा आकडा काय, हाच प्रश्न आहे.

कोणतं घ्यायचं, कुठे बसवायचं?

बाजारात रंगीत दिव्यांची स्वस्त मीटरं मिळतात. ती साध्या, नॅरोबँड सेन्सरवर चालतात आणि १४.७ च्या या बाजूला की त्या बाजूला एवढंच सांगतात. १२.८ आणि १३.८ मधला फरक त्यांना कळत नाही. आपल्याला वाइडबँड हवं. बॉशचा एलएसयू ४.९ हा त्यातला सर्रास वापरला जाणारा सेन्सर.

तो बसवायला एक्झॉस्टच्या नळीला भोक पाडून आटे असलेलं बूच वेल्ड करावं लागतं. लेथवाला आणि वेल्डिंगवाला मिळून हे काम सहज करतात. मापं लक्षात ठेवा: आटे १८ मिलिमीटरचे, दीडच्या पिचचे. सेन्सर नळीच्या वरच्या अंगाला, टोक खाली झुकलेलं राहील असा बसवायचा, नाहीतर नळीत साचलेलं पाणी त्याला फोडतं. गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर त्याच्या आधी. सेन्सरमध्ये हीटर असतो. इंजिन चालू असताना त्याला वीज मिळालीच पाहिजे, नाहीतर काजळीनं तो मरतो.

आकडे कसे वाचायचे?

स्लोवर १३ ते १४, सरळ रस्त्याला एकसारख्या वेगात १४ ते १५, आणि चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला असताना १२.५ ते १३.२. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीसाठी हे साधारण चांगले आकडे. चोक ओढलेला असताना ११-१२ दिसलं तर घाबरू नका.

जुन्या गाडीची पीयूसी तपासणी उभ्या गाडीवर, स्लोमध्ये होते. प्लगचा रंग गेल्या कित्येक किलोमीटरची सरासरी सांगतो. चढावर त्या क्षणी काय चाललंय, ते फक्त मीटर दाखवतं. कलबुर्गीहून कमलापूरमार्गे हुमनाबादकडे येताना रस्ता हळूहळू चढत येतो. असा रस्ता तपासणीला चांगला. मात्र चालवणाऱ्यानं मीटरकडे बघत बसू नये. शेजारी कुणीतरी वही घेऊन बसावं, आणि वेग, गिअर, आकडा लिहीत जावं. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम जरूर द्या.

जेट बदलण्याआधी

आकडा लीन आला म्हणून लगेच जेटला हात लावू नका. क्रम असा ठेवा. आधी एक्झॉस्टचं पॅकिंग पाहा. सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत येऊन आकडा खोटा लीन दिसतो. प्लग नीट पेटत नसेल तरीही तसंच होतं, कारण न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो. मग कार्बोरेटरखालचं पॅकिंग आणि व्हॅक्यूमच्या नळ्या पाहा. गाडी हवा धरत असेल तर स्लोवर आकडा खूप लीन आणि वेगात बराच ठीक दिसतो. सगळीकडे लीन असेल आणि ओझ्याखाली आणखी वाढत असेल, तर पेट्रोल फिल्टर, पंप, फ्लोट तपासा. इथेनॉल जुन्या रबराला त्रास देतं आणि ओलावा धरतं, त्यामुळे नळ्या नव्या टाकणं आणि उभ्या गाडीत महिनोन्‌महिने जुनं पेट्रोल न ठेवणं चांगलं.

एवढं सगळं ठीक असूनही लीन असेल, तरच जेटचा नंबर वाढवायचा, तोही एकच पायरी. छिद्राचा व्यास दीड टक्का वाढला की क्षेत्रफळ ३ टक्क्यांनी वाढतं. तार घालून जेट मोठा करायला कुणालाही देऊ नका.

आपल्या भागाचा हिशोब

बीदर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, त्यामुळे मुंबईत सेट केलेली कार्बोरेटरची गाडी इथे साधारण ३ टक्के रिच चालते. ई-२० मुळे ती याच्या दुपटीहून जास्त लीन होते, म्हणजे उंचीचा परिणाम तो बदल अर्धाही भरून काढत नाही. म्हणजे किनारपट्टीवरून आणलेल्या गाडीला कदाचित कमी दुरुस्ती पुरेल, आणि इथेच सेट झालेल्या शेजारच्या गाडीला जास्त लागेल. कलबुर्गीच्या एप्रिल-मेमधलं चाळीशीपलीकडचं ऊनही लक्षात घ्या. दुपारी आकडा अचानक लीन होऊन गाडी बंद पडते आणि संध्याकाळी नीट चालते, तर दोष जेटचा नाही, नळीतच वाफ होणाऱ्या पेट्रोलचा आहे.

एक मीटर, चार घरं

वाइडबँडचा संच स्वस्त नाही, आणि गाडी एकदा नीट सेट झाली की त्याची रोज गरजही नसते. म्हणून चार-पाच घरांनी मिळून एकच संच घ्यावा. प्रत्येक गाडीला बूच वेल्ड करून त्यात बोल्ट लावून ठेवायचा, आणि पाळीपाळीनं सेन्सर बसवून तपासणी करायची. तपासणीच्या वेळी मिस्त्रींना सोबत घ्या. त्यांचा कान वर्षानुवर्षांचा आहे, त्यांच्याशी वाद घालायला हे मीटर नाही. लिहिलेली वही त्यांच्यापुढे ठेवली तर स्क्रू किती फिरवायचा, हे तेच आपल्याहून चांगलं सांगतील. गाडी विकायची की ठेवायची, हा निर्णय त्यानंतर घरच्यांनी बसून घ्यावा.