‘साखर’ : एका शब्दाचे कूळ आणि त्याचे अर्थ

इंग्रजीच्या पाठात ‘शुगर’ हा शब्द आला म्हणजे वर्गातील एखादे चौकस मूल हटकून विचारते की, लिहिताना आरंभी ‘एस्’ हे अक्षर आहे, तर उच्चार ‘सुगर’ असा न करता ‘शुगर’ असा का करावयाचा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना पुष्कळ शिक्षकांच्या मनात एक सोपी व सुखावह कल्पना येते. साखरेला संस्कृतात शर्करा म्हणतात; तो शब्द इंग्रजांपर्यंत येथूनच गेला; म्हणून त्यातील ‘श’ त्यांच्या उच्चारात टिकून राहिला. हे उत्तर मुलांना आवडते आणि शिक्षकासही ते दिल्याचे समाधान वाटते. परंतु ते बरोबर नाही. शब्द येथून गेला हे खरे. ‘श’ टिकून राहिला हे मात्र खरे नाही. अर्धे खरे असलेले उत्तर सर्वस्वी चुकीच्या उत्तराहून अधिक काळ मुलाच्या मनात घर करून राहते, म्हणून या शब्दाची हकीकत शिक्षकास नीट ठाऊक असणे इष्ट आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ गोड पदार्थ असा नाहीच. अथर्ववेदात आणि ब्राह्मणग्रंथांत शर्करा म्हणजे बारीक खडे, वाळूतील गोटे. आयुर्वेदातही मूतखड्याचे जे बारीक कण लघवीवाटे पडतात त्यांस शर्करा असेच नाव आहे. मग हा शब्द उसाच्या रसाकडे कसा वळला? ज्या गावी गुऱ्हाळ लागते तेथील मुलांस हे सांगण्यास फार श्रम पडत नाहीत. काहिलीत रस आटू लागला म्हणजे प्रथम काकवी दिसते, आणखी आटविला म्हणजे गूळ होतो. जुन्या वैद्यकग्रंथांत आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अशा पदार्थांची एक मालिकाच दिलेली आहे : फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट पाक. गुड म्हणजे आपला गूळ. मत्स्यण्डिका हे नाव मोठे बोलके आहे. तिचे कण माशाच्या अंड्यांसारखे दिसत असल्यामुळे ते पडले. खण्ड म्हणजे खांड. आणि मळी निथळून गेल्यावर जे स्वच्छ, टणक, खड्यासारखे स्फटिक उरत, ती शर्करा. अर्थात नाव चवीवरून पडलेले नसून दाताखाली लागणाऱ्या खड्यावरून पडलेले आहे. आपण ‘खडीसाखर’ म्हणतो तेव्हा खड्याची ती जुनी कल्पना नकळत दुसऱ्यांदा उच्चारतो.

आता ‘शर्करा’ची ‘साखर’ कशी झाली ते पाहू. पाली भाषेत या शब्दाचे रूप ‘सक्खरा’ असे आहे, इतर प्राकृतांत ‘सक्करा’ असे आढळते. यात तीन गोष्टी घडल्या आहेत आणि तिन्ही नियमाने घडल्या आहेत. पहिली, ‘श’चा ‘स’ झाला; श्वशुराचा सासरा व शुण्डेची सोंड झाली ती याच रीतीने. दुसरी, ‘र्क’ हे जोडाक्षर प्राकृतात एका जातीचे झाले, आणि पुढे मराठीत त्याचे द्वित्व जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला. कर्ण, कण्ण, कान. सर्प, सप्प, साप. कर्म, कम्म, काम. ही उदाहरणे फळ्यावर एकाखाली एक लिहिली म्हणजे चौथीच्या मुलांनाही नियम आपोआप दिसतो. तिसरी, शेवटचा ‘आ’ गळून पडला. लज्जेची लाज झाली तसाच. शब्द अपभ्रष्ट झाला, बिघडला, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. पण जे शेकडो शब्दांत एकाच रीतीने घडते त्यास बिघाड म्हणणे न्याय्य नव्हे.

पाश्चात्त्य देशांत हा शब्द दोन वाटांनी गेला. पहिली वाट ग्रीकांची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील डायोस्कोरिडीज या ग्रीक वैद्याने ‘सक्खारोन’ नावाच्या पदार्थाचे वर्णन केले आहे. हा भारतातील व अरबस्तानातील वेतांत सापडणारा एक प्रकारचा घट्ट मध असून तो मिठासारखा दाताने फुटतो, असे तो सांगतो. त्याच शतकातील प्लिनी या रोमन ग्रंथकाराने त्याचा उपयोग केवळ औषधात होतो असे नमूद केले आहे. या ग्रीक शब्दातील ‘ख’ पाहण्यासारखा आहे. तो संस्कृत ‘शर्करा’त नाही, पालीतील ‘सक्खरा’त आहे. म्हणजे ग्रीकांच्या कानी पडले ते ग्रंथातील रूप नव्हे, बोलण्यातील रूप होय. ग्रीकांकडून हा शब्द पुढे रशियन भाषेत गेला, आणि रशियन माणूस आज साखरेला जवळजवळ ‘साखर’ असेच म्हणतो. मराठी माणसास हे ऐकून नवल वाटते. परंतु मराठीने रशियनकडून किंवा रशियनने मराठीकडून काही घेतलेले नाही. दोन्ही शब्द आपापल्या वाटेने चालत आले असून त्यांचे मूळ तेवढे एक आहे. लॅटिनमधील ‘सक्खारुम’ याच ग्रीक शाखेतील. त्यावरूनच १८७९ साली शोधल्या गेलेल्या एका रासायनिक पदार्थास ‘सॅकरिन’ हे नाव मिळाले. त्यात साखरेचा कणही नसतो.

दुसरी वाट इराणची, आणि साखरेचा खरा व्यापार याच वाटेने झाला. फारसीत शब्दाचे रूप ‘शकर’ असे झाले. अरबांनी तो घेतला तेव्हा ‘सुक्कर’ असा केला. येथेच तो ‘श’ हरवला, हे शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राच्या काठाने सिसिली व स्पेनपर्यंत नेला आणि उसाबरोबर शब्दही गेला. स्पॅनिश व पोर्तुगीज लोकांनी तो घेताना अरबीतील ‘अल्’ हे उपपदही शब्दाचाच भाग समजून उचलले. अरबीत ते ‘अस्-सुक्कर’ असे उच्चारले जाते, म्हणून पोर्तुगीजांचे झाले ‘असूकार’. इटालियन ‘त्सुक्केरो’, जर्मन ‘त्सुकर’ आणि फ्रेंच ‘सुक्र’ ही त्याचीच भावंडे. इंग्रजांनी हा शब्द घेतला तो फ्रेंचांकडून, आणि घेतला तेव्हा त्यात ‘स’च होता.

तर मग ‘शुगर’मधला ‘श’ कोठून आला? तो इंग्लंडातच जन्मला. आरंभीच्या अक्षरातील स्वर इंग्रजी तोंडात ‘यू’सारखा होऊन उच्चार ‘स्यू’ असा झाला, आणि ‘स्यू’ भराभर म्हणताना ‘शु’ झाला. ‘खात्रीचा’ या अर्थाचा ‘शुअर’ हा शब्द तसाच आहे. तोही फ्रेंचांकडून ‘स’ घेऊन आला आणि तोही ‘एस्’ने लिहून ‘श’ने बोलतात. शर्करेच्या ‘श’शी त्याचा संबंध कोणी जोडीत नाही, मग ‘शुगर’च्या बाबतीत तरी का जोडावा? लेखन जुन्या उच्चाराचे राहिले आणि उच्चार पुढे गेला, एवढेच मुलास सांगावे. प्रश्न विचारणाऱ्या मुलास एवढे पुरते. ज्या शिक्षकास सवड असेल त्याने फळ्यावर शकर, सुक्कर, सुक्र, शुगर अशी ओळ लिहून ‘श’ कोठे गेला व कोठे पुन्हा आला ते मुलांकडूनच शोधून घ्यावे.

सारखे दिसते ते एक असेलच असे नाही, हे दाखविण्यास घरातलेच दुसरे उदाहरण आहे. गुलकंद हा शब्द मुलांना फोडण्यास सांगितला तर ती ‘कंद’ म्हणजे जमिनीतला कंद असे सांगतात, रताळे किंवा सुरण यांच्या पंक्तीला त्यास बसवितात. वस्तुतः हा ‘कंद’ फारसी ‘कंद’ असून त्याचा अर्थ साखर. गुल म्हणजे गुलाब; गुलाब आणि साखर मिळून गुलकंद. आणि हा फारसी ‘कंद’ वर सांगितलेल्या ‘खण्डा’चाच अवतार मानला जातो. अरबीतून व फ्रेंचमधून हाच शब्द इंग्रजीत ‘कँडी’ झाला. दुकानातील बरणीतली कँडी आणि वैद्यकग्रंथातील खण्ड यांचे नाते असे आहे.

शब्द जसा देश बदलतो तसा अर्थही बदलतो. मलयाळममध्ये ‘चक्कर’ म्हणजे गूळ. तमिळ देशातील ‘सक्करै पोंगल’ हा गोड भात गुळाचाच करतात. पोर्तुगीजांनी मलबारात हा शब्द ऐकून ‘जागरा’ असा केला आणि इंग्रजांनी त्याचे ‘जॅगरी’ केले. म्हणजे इंग्रजीत साखरेचे नाव व गुळाचे नाव ही दोन्ही एकाच ‘शर्करे’पासून आली, पण एक अरबस्तानातून व दुसरे मलबारातून. उलट हिंदीत साखरेला ‘चीनी’ म्हणजे चीनची आणि खडीसाखरेला ‘मिस्री’ म्हणजे मिसर देशाची असे म्हणतात. चिनी इतिहासग्रंथ मात्र सांगतात की, ६४७ साली तेथील सम्राटाने साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधास माणसे पाठविली होती!

या शब्दाच्या प्रवासात एक दुःखद भागही आहे, तो वरच्या इयत्तांत इतिहासाच्या तासाला सांगता येण्याजोगा आहे. युरोपीयांनी उसाचे मळे अटलांटिकपलीकडे नेले आणि त्यावर राबण्यास आफ्रिकेतून गुलाम नेले. इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी बंद होऊ लागली तेव्हा, १८३४ पासून, मॉरिशस बेटावर करारबंद भारतीय मजूर नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे होती, आणि त्यांचे वंशज आजही त्या बेटावर मराठी म्हणून ओळखले जातात. मळ्यावर त्यांना साखरेसाठी ऐकू आला तो शब्द ‘दिसिक’. तो फ्रेंच ‘दु सुक्र’ यापासून झाला असून येथेही पुढचे उपपद शब्दाला चिकटून बसले आहे. ज्यांच्या घरी ‘साखर’ होती त्यांना त्याच शब्दाचे हे रूप परके वाटले असल्यास नवल नाही.

आता शाळेकडे वळू. कोकणी बोलणाऱ्या घरातील मूल ‘साकर’ म्हणते. ते ऐकून ‘साकर नव्हे, साखर’ असे दरडावण्याचा प्रसंग अनेक वर्गांत येतो. लेखनात प्रमाण रूप शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. परंतु ‘साकर’ हे अशुद्ध आहे असे सांगणे मात्र असत्य होय. ते प्राकृत ‘सक्करा’चे सरळ वंशज आहे आणि ‘साखर’इतकेच कुलीन आहे. आधीच बुजलेल्या मुलास आपल्या आईचा शब्द चुकीचा आहे असे वाटले की ते पुष्कळदा तोंडच उघडीत नाही. सीमेवरील तालुक्यांत तर अधिक जपावे लागते. गुजराती घरातील मुलाची ‘साकर’ म्हणजे खडीसाखर, रोजच्या साखरेला ते ‘खांड’ म्हणते; कानडी घरातील मूल ‘सक्करे’ म्हणते. विज्ञानाच्या पुस्तकात ‘शर्करा’ भेटते ती आणखी निराळी, कारण तेथे दुधातील व फळांतील गोडवाही त्याच नावात येतो. अशा वर्गात प्रत्येक मुलाच्या घरचा शब्द विचारून तो फळ्यावर लिहावा आणि कोणता शब्द कोणाला जवळचा ते मुलांनाच जुळवू द्यावे.

मराठवाड्यातील व नगरकडील ऊसतोडणी कामगारांची मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यांच्या तळावर जातात. त्यांच्यासाठी तेथे ज्या हंगामी शाळा उघडल्या गेल्या त्यांस ‘साखरशाळा’ हे नाव पडले. हंगाम संपल्यावर असे मूल गावच्या शाळेत परतते तेव्हा त्याला वाचन मागे पडल्याबद्दल बोलणी बसतात. पण मोळी, वाढे, मळी, बगॅस हे शब्द त्याला वर्गातील सर्वांहून अधिक माहीत असतात. ‘साखर’ या शब्दावरचा पाठ ज्या दिवशी घ्यावयाचा, त्या दिवशी पहिला प्रश्न त्यालाच विचारावा.