ठिणगी कुठून, पेट्रोल कुठून

मोटारीचं इंजिन विमानात बसवायची गोष्ट निघाली की बोलणं अश्वशक्ती आणि वजनावर येतं आणि बहुधा तिथेच थांबतं. मला मात्र गेली कित्येक वर्षं दोन वेगळेच प्रश्न सोडत नाहीत. ठिणगी कुठून येते? आणि पेट्रोल कुठून येतं? धातूचं धूड सहसा दगा देत नाही. दगा देतात त्याला लटकलेल्या लहानसहान वस्तू : कॉइल, पॉइंट, फ्लोट, एखादी तार. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती कडेला घेता येते. हवेत कडा नसते.

राइट बंधूंचं १९०३ चं इंजिन या दृष्टीने फार बोलकं आहे. चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने ते सहा आठवड्यांत उभं केलं. ताकद सुमारे १२ अश्वशक्ती. त्याला आज आपण म्हणतो तसा कार्बोरेटर नव्हताच. पंखांमधल्या खांबाला बांधलेल्या छोट्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे आणि इंजिनाच्या तापलेल्या भागावर पडून त्याची वाफ होई. ठिणगीसाठी फ्लायव्हीलवर फिरणारा मॅग्नेटो होता. इंजिन सुरू करायला लागणारी बॅटरी आणि कॉइल जमिनीवरच ठेवून विमान उडालं. पंप नाही, बॅटरी नाही. मधली वर्षं मी ओलांडतो, कारण माझा जीव अडकलाय तो मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या एका खेड्यात.

तिथे बर्नार्ड पीटनपोल हा मेकॅनिक राहायचा. जन्म १९०१, शाळा आठवीपर्यंत, बाकीचं शिक्षण गॅरेजात. त्याने आधी फोर्ड मॉडेल टीचं इंजिन लावून विमान उडवून पाहिलं. ते उडालं, पण वीस अश्वशक्तीत जीव नव्हता. मग फोर्डने मॉडेल ए आणली : ३.३ लिटर, चार सिलिंडर, २२०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती. पीटनपोलने या इंजिनाभोवती लाकूड आणि कापडाचं एक विमान रचलं. पंख डोक्यावर छत्रीसारखा, दोन उघड्या बैठका, रेडिएटर इंजिनावर उभा, थेट वैमानिकाच्या नजरेसमोर. नाव एअर कँपर.

त्याच सुमारास मिनिआपोलिसजवळच्या रॉबिन्सडेलहून ‘मॉडर्न मेकॅनिक्स’ हे मासिक निघत असे. संपादक वेस्टन फार्मर. हा माणूस पुढे होड्यांचा आराखडाकार म्हणून नावाजला गेला, म्हणजे यंत्रातलं त्याला कळत नव्हतं असं नव्हे. त्याचं ठाम मत होतं की मोटारीच्या इंजिनावर विमान नीट उडू शकत नाही. पीटनपोलने त्याला पत्राने कळवलं की आमचं उडतंय. नुसत्या पत्रावर मात्र तो थांबला नाही. एप्रिल १९३० मध्ये तो आणि त्याचा मित्र डॉन फिंक दोन एअर कँपर घेऊन शंभरेक मैल उडत रॉबिन्सडेलला उतरले. एक विमान आणलं असतं तर योगायोग म्हणून बाजूला सारता आलं असतं. दोन आणली. फार्मरने मत बदललं आणि एअर कँपरचे आराखडे छापायला घेतले. १९३२ च्या ‘फ्लाइंग अँड ग्लायडर मॅन्युअल’मध्ये ते आले. ज्यांना मॉडेल एसुद्धा परवडत नव्हती त्यांच्यासाठी पीटनपोलने मॉडेल टीच्या इंजिनावर चालणारं एकआसनी ‘स्काय स्काउट’ही काढलं.

या प्रकरणात फार्मर हरला आणि खेडूत जिंकला, अशी गोष्ट सांगायची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. सर्वसाधारण मोटारींबद्दल फार्मरची शंका रास्त होती. पीटनपोलचं मोठेपण त्याने कोणती मोटार निवडली आणि तिच्यातलं काय ठेवलं, काय काढलं यात आहे.

मॉडेल एची रचना पाहा. तिची पेट्रोलची टाकी समोरच्या काचेच्या पुढे, उंचावर होती, आणि पेट्रोल पंपाशिवाय, उतारानेच कार्बोरेटरला जाई. कार्बोरेटर झेनिथचा, इंजिनाच्या कुशीत खाली बसवलेला, हवा खालून वर ओढणारा. म्हणजे विमानात टाकी वर आणि कार्बोरेटर खाली ठेवला की काहीच नवं करावं लागत नव्हतं. इनटेकची नळी एक्झॉस्टला चिकटवलेली, त्यामुळे मिश्रणाला ऊब मिळे. आणि मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या या दोन गोष्टी : चोकची दांडी फिरवून ड्रायव्हर बसल्या जागी मिश्रण घट्ट-पातळ करू शकत असे, आणि स्टिअरिंगजवळच्या दांडीने ठिणगी पुढे-मागे घेता येई. उंचीवर हवा विरळ झाली की वैमानिकाला नेमकं हेच लागतं. त्या काळची मोटार अजून माणसाच्या हातात होती. पुढे हे सगळं व्हॅक्यूम, स्प्रिंगा आणि वजनं आपोआप करू लागली. ड्रायव्हर सुखी झाला, पण विमान बांधणाऱ्याची अडचण वाढली.

एक गोष्ट मात्र ठेवण्यासारखी नव्हती. मॉडेल एची ठिणगी बॅटरी, कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटरची होती. एअर कँपरसाठी डिस्ट्रिब्यूटर काढून तिथे मॅग्नेटो बसवला जाई. पुढच्या अनेक बांधणाऱ्यांनी तर ट्रॅक्टरवरचे मॅग्नेटो वापरले. शेतकी गावात ते सहज मिळत.

मॅग्नेटो आपल्याकडे ज्यांनी जुनी बजाज स्कूटर चालवली त्यांना ठाऊक आहे : बॅटरी पार मेली तरी किक मारली की गाडी सुरू. चुंबक फिरतो, वीज तिथल्या तिथे तयार होते. खरा फरक मात्र ती बंद कशी करतात यात आहे. मोटारीत तार जोडली की ठिणगी, तुटली की अंधार. मॅग्नेटोत उलट : त्याचं तोंड बंद करायला तार इंजिनाच्या धातूला जोडावी लागते, ती तुटली तर तो चालूच राहतो. म्हणून हँगरमध्ये प्रोपेलरला हात लावणाऱ्यासाठी मॅग्नेटो धोक्याचा, आणि हवेत बसलेल्यासाठी सोबतीचा. ‘सुरक्षित’ याचा अर्थ रस्त्यावर एक आणि आकाशात दुसरा आहे. इंजिन बदलणाऱ्याने पहिल्यांदा हे ठरवायचं असतं की तार तुटली तर काय झालेलं बरं.

एअर कँपरमध्ये मॅग्नेटो एकच, प्रत्येक सिलिंडरला प्लगही एकच. प्रमाणित विमान-इंजिनात दोन स्वतंत्र ठिणग्या असतात, आणि उड्डाणाआधी एकेक बंद करून फेऱ्या किती पडतात ते बघतात. फोक्सवॅगनच्या इंजिनावर पुढे ज्यांनी काम केलं त्यांनी याच कारणासाठी सिलिंडर हेडमध्ये दुसऱ्या प्लगचं भोक पाडून पाहिलं.

१९६० च्या दशकात पीटनपोल स्वतः शेव्हरोले कॉर्व्हेअरच्या इंजिनाकडे वळला. सहा सिलिंडर, आडवं, हवेने थंड होणारं; रेडिएटर गेला, पाणी गेलं. पण इथे नवाच पेच आला. कॉर्व्हेअरला मॅग्नेटो बसवणं सोपं नाही, ठिणगी बॅटरीचीच ठेवावी लागते. विल्यम विन या अमेरिकन कारागिराने त्यावर काढलेला तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. त्याने एकाच डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंटचे दोन संच बसवले, कॉइल दोन ठेवल्या, मध्ये एक स्विच. प्लग सिलिंडरमागे एकच. युक्तिवाद असा की अख्खं इंजिन बंद पाडतात ते पॉइंट आणि कॉइल. प्लग सहसा मरत नाही, मेलाच तर सहापैकी पाच सिलिंडर चालतात. रोटर आणि कॅप एकच राहते, हे खरं. तरी दुप्पट कशाला करायचं याचा इथे हिशेब आहे, सरसकट दुप्पट करण्याचा हव्यास नाही.

कार्बोरेटरच्या बाबतीतही विन कडवा आहे. मोटारीत कॉर्व्हेअरला दोन बाजूंना दोन कार्बोरेटर होते. ते काढून तो विमानाचाच एक कार्बोरेटर लावायला सांगतो : मार्व्हल-शेब्लर किंवा स्ट्रॉम्बर्ग. कारण आकड्यांत आहे. मोटारीचा कार्बोरेटर पंपाच्या दोन-चार पौंड दाबासाठी बनलेला. टाकी अर्धा मीटर उंच असेल तर पेट्रोलचा उतार जेमतेम अर्धा पौंड दाब देतो. त्यात विमान नाक वर करून चढू लागलं आणि टाकी कार्बोरेटरच्या मागे असली, तर ती उंचीही घटते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन सर्वाधिक पेट्रोल मागतं. फ्लोटची सुई पंपाच्या दाबासाठी बेतलेली असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी होऊ लागते. म्हणून उतारावरच्या पेट्रोलसाठी विमानशास्त्राचा दंडक आहे : पूर्ण ताकदीला लागेल त्याच्या दीडपट पेट्रोल नळीतून यायला हवं, आणि तेही नाक चढाईच्या कोनात ठेवून मोजायचं. बादली आणि घड्याळ पुरतं. ही चाचणी टाळणाऱ्यांबद्दल मला मुळीच सहानुभूती नाही.

शेवटचा शत्रू बर्फ. पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून हवा धावताना कार्बोरेटरातलं तापमान जवळजवळ ४० अंशांनी खाली येऊ शकतं. त्यामुळे बाहेर ३८ अंश असताना, हवेत निम्मी आर्द्रता असली तरी आत बर्फ धरू शकतो. म्हणजे कोकणातल्या दमट हवेतही हा धोका खराच. मोटारी बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. फोक्सवॅगनच्या इनटेकलगत एक्झॉस्टच्या उष्णतेची नळी त्यासाठीच होती. विमानासाठी इंजिन उघडणारे अनेकजण वजन वाचवायला तीच आधी काढून टाकत. काहींनी फ्लोट नसलेले, सरकत्या झडपेचे कार्बोरेटर पसंत केले. त्यांत बर्फ कमी धरतो, पण काहींतून इंजिन थांबल्यावर पेट्रोल गळत राहतं आणि नळीचा कॉक आठवणीने बंद करावा लागतो.

ब्रिटनमध्ये सर जॉन कार्डन यांनी १९३५ मध्ये फोर्डच्या ११७२ सीसी मोटार-इंजिनाचं विमानासाठी असंच रूपांतर केलं, ते चिल्टन कंपनीच्या देखण्या छोट्या विमानात बसलं. कार्डन स्वतः त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एका प्रवासी विमानाच्या अपघातात गेले. पीटनपोल १९८४ पर्यंत जगला. त्याचे आराखडे अजून विकले जातात, आणि विस्कॉन्सिनमधल्या ब्रॉडहेडच्या गवती धावपट्टीवर दर जुलैला एअर कँपर जमतात : काही मॉडेल एच्या इंजिनावर, समोर रेडिएटर उभा असलेली, काही कॉर्व्हेअरवर.