विमानतळ ते नरसी : गाडीचे भाडे ठरविताना घ्यावयाची काळजी

संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे नरसी नामदेव हे कयाधू नदीकाठचे गाव हिंगोली शहरापासून वीस किलोमीटरच्या आत आहे. आषाढीनंतरच्या परतवारीला येथे वारकऱ्यांची मोठी गर्दी होते. शीख बांधवही या गावाला श्रद्धेने भेट देतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांच्या आयुष्याचा बराच काळ पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात घुमान येथे गेला असे मानले जाते. त्याच घुमानला २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले यात्रेकरू एखादा दिवस काढून नरसीला येतात. त्यांपैकी काही विमानाने उतरतात आणि गाडी आधीच ठरवून ठेवतात.

उलट दिशेनेही हीच वाहतूक चालते. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत या भागातून उमरा आणि हजला निघालेली कुटुंबे हैदराबाद, नागपूर किंवा मुंबईचे विमान गाठण्यासाठी खासगी गाडी करतात. गाडी चालविणारे, गाडीचे मालक, गॅरेजवाले, टायर-पंक्चरवाले आणि सीटकव्हर शिवणारे अशा आमच्या अनेक वाचकांचा या धंद्याशी रोजचा संबंध आहे. म्हणून या आठवड्यात आम्ही हा विषय घेतला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की या धंद्यात भांडण दिसते ते भाड्याच्या आकड्याचे. पण माणूस खरा बुडतो तो न लिहिलेल्या अटींमुळे आणि गाडीच्या चुकीच्या नंबरपाटीमुळे.

कोणते विमानतळ, कोणती नरसी?

पहिली चूक ठिकाणाच्या नावात होते. नांदेड जिल्ह्यात नायगाव तालुक्यातही नरसी नावाचे गाव आहे. ते नांदेडहून आग्नेय दिशेला, तर आपले नरसी नामदेव वायव्येला. परगावच्या गिऱ्हाइकाने फोनवर नुसते 'नरसी' म्हटले आणि चालकाने नुसते 'हो' म्हटले, की गोंधळ ठरलेलाच. म्हणून बुकिंग घेताना 'नरसी नामदेव, तालुका व जिल्हा हिंगोली' असे पूर्ण नाव लिहावे.

विमानतळाचेही तसेच आहे. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी विमानतळ आहे. २०१७ च्या एप्रिलमध्ये उडान योजनेखाली ट्रूजेट कंपनीची नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. ती २०२२ साली बंद पडली. २०२४ च्या मार्चअखेर स्टार एअरने नांदेडहून विमाने सुरू केली आणि त्यात पंजाबातील आदमपूरही जोडले गेले. लहान शहरांची विमाने अशीच सुरू होतात आणि बंद पडतात. म्हणून तिकिटाची प्रत पाहिल्याशिवाय गाडीचे बुकिंग पक्के करू नये. गिऱ्हाइकाचे विमान प्रत्यक्षात हैदराबादला उतरणार असेल, तर शंभर किलोमीटरचे भाडे पावणेचारशेच्या घरात जाते.

मुंबईला जाणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. तेव्हापासून 'मुंबई विमानतळ' एवढे सांगणे पुरेसे राहिलेले नाही. जुन्या विमानतळावरही टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन यांत बरेच अंतर आहे.

आमचे काही व्यापारी वाचक सुटीत कुटुंबासह गोव्याच्या समुद्रकिनारी जातात. त्यांनाही हाच धडा लागू आहे. जानेवारी २०२३ पासून गोव्यात दोन विमानतळांवरून प्रवासी विमाने उडू लागली. एक वास्कोजवळचे जुने दाबोळी, दुसरे उत्तरेला पेडणे तालुक्यातील मोपा. मुक्काम दक्षिणेला काणकोण तालुक्यात पाळोळेच्या किनारी असेल आणि स्वस्त तिकीट पाहून मोपाला उतरलात, तर शंभर किलोमीटरच्या आसपास टॅक्सी करावी लागते. तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. म्हणून आधी मुक्कामाचे ठिकाण कोणत्या तालुक्यात आहे ते पाहावे, मग विमानतळ निवडावे आणि शेवटी गाडी ठरवावी. हॉटेल गाडी पाठविणार असेल, तर ती खोलीच्या भाड्यात धरलेली आहे की तिचे पैसे वेगळे, हेही निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

विमानाची वेळ आणि गाडीची वेळ

प्रवासी आणायचा असेल, तर तिकिटावर छापलेली वेळ ही विमान जमिनीला टेकण्याची किंवा जागेवर लागण्याची वेळ असते, प्रवासी फाटकाबाहेर येण्याची नव्हे. सामान मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. परदेशातून आलेल्या प्रवाशाला पासपोर्ट व कस्टमच्या तपासणीमुळे त्याहून अधिक लागतो. तेव्हा विमान उतरल्यापासून किती वेळ गाडी फुकट थांबेल आणि नंतर तासाला किती घेणार, हे आधी ठरवावे. चालकाने विमानाचा क्रमांक लिहून घ्यावा. त्या क्रमांकावरून विमान वेळेवर आहे की उशिरा, हे मोबाईलवर पाहता येते. विमान चार तास उशिरा येणार असेल, तर चालकाला घरूनच उशिरा निघता येते.

प्रवासी पोहोचवायचा असेल, तर हिशेब उलटा करावा. समजा, हैदराबादहून १२ तारखेला पहाटे ४ वाजता जेद्दाचे विमान आहे. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचावे, म्हणजे रात्री १ वाजता. हिंगोली भागातून शमशाबाद विमानतळापर्यंत सात-आठ तास धरावेत. जेवण व नमाजसाठी एक तास, पंक्चर किंवा वाहतूक कोंडीसाठी आणखी एक तास. म्हणजे ११ तारखेला दुपारी ३ वाजता गाडी दाराशी हवी. पहाटेच्या विमानात तारखेची चूक फार होते. तिकिटावर १२ तारीख पाहून १२ तारखेची गाडी सांगणारा माणूस विमान उडून गेल्यावर घरातून निघतो. बुकिंगमध्ये विमानाची तारीख व वेळ आणि गाडी निघण्याची तारीख व वेळ अशा दोन्ही नोंदी कराव्यात.

माणसे किती याबरोबर बॅगा किती, हेही विचारावे. सात आसनांच्या गाडीत सातही जागा भरल्या, तर डिक्कीत मोठ्या बॅगांना जागा राहत नाही. उमराहून परतणाऱ्यांबरोबर खजूर आणि जमजमचे डबे असतात. टपावर कॅरियर आहे का, ताडपत्री आहे का, हे पावसाळ्यात आधीच पाहावे.

भाड्याचा हिशेब

पुष्कळ मालक डिझेल आणि चालकाचा भत्ता वजा करतात आणि उरले ते नफा समजतात. येथेच फसगत होते. एक उदाहरण घेऊ. यातील आकडे समजावण्यापुरते आहेत. वाचकांनी आपापले आकडे घालावेत.

नांदेड विमानतळ ते नरसी नामदेव सुमारे शंभर किलोमीटर. गाडी एका बाजूने रिकामी धावणार, म्हणून धाव दोनशे किलोमीटर. लिटरला १६ किलोमीटर धरल्यास साडेबारा लिटर डिझेल, ९२ रुपये भावाने ११५० रुपये. चालक ५०० रुपये. टोल आणि पार्किंग १५० रुपये. एकूण १८०० रुपये. गिऱ्हाइकाने २५०० रुपये दिले, तर ७०० रुपये सुटले असे वाटते.

आता न दिसणारा खर्च पाहा. टायर, ऑईल आणि दुरुस्ती किलोमीटरला २ रुपये, म्हणजे ४०० रुपये. गाडीचा हप्ता, विमा, परमिट, फिटनेस आणि कर मिळून महिन्याला १७,००० रुपये होत असतील आणि गाडीला महिन्यात १७ दिवसच भाडे मिळत असेल, तर दर दिवशी १००० रुपये. एकूण खर्च झाला ३२०० रुपये. म्हणजे ७०० रुपये सुटले नाहीत, ७०० रुपये अंगावर आले. वर्षभराने टायर व विम्याचा खर्च एकदम समोर येतो, तेव्हा पैसे कोठे गेले हे कळत नाही. ते रोजच जात होते.

गिऱ्हाइकानेही हे समजून घ्यावे. फार कमी भाडे सांगणारा मालक कोठेतरी काटकसर करणार : झिजलेल्या टायरात, विम्यात किंवा चालकाच्या झोपेत. रात्रभर गाडी चालवून हैदराबादला पोहोचलेल्या चालकाला लगेच परत फिरविणे धोक्याचे आहे. मुक्कामाचा भत्ता हा त्याच्या आणि पुढच्या प्रवाशांच्या जिवाचा खर्च समजावा.

परतीची फेरी भरून काढण्यासाठी वाटेत सीटप्रमाणे प्रवासी घेण्याची सवयही सोडावी. टॅक्सीचे परमिट ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी पूर्ण गाडीचे असते. रस्त्यात एकेक माणूस चढविण्या-उतरविण्याची मुभा त्यात नाही. परतीचे दुसरे बुकिंग आधी ठरवून घेतले, तर मात्र काही अडचण नाही.

पांढऱ्या पाटीचा धोका

ही बाब सर्वांत गंभीर आहे. एखादा वेल्डर, गॅरेजवाला किंवा किराणा व्यापारी घरासाठी गाडी घेतो. लग्नसराईत, यात्रेत किंवा कोणी उमराला निघाले, की ओळखीत ती भाड्याने देतो. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे असलेली ही गाडी खासगी नोंदणीची. भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना हिरवी पाटी असते. त्यात खासगीचे आकडे पांढरे, भाड्याचे पिवळे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार भाड्याने प्रवासी नेण्यासाठी परमिट लागते. कलम १९२-अ मध्ये विनापरमिट वापराबद्दल पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. परंतु दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे. खासगी विम्याची गाडी भाड्याने चालविताना अपघात झाला, तर विमा कंपनीला अटीचा भंग झाला म्हणून हात वर करता येतात. गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. जखमींना किंवा मृताच्या वारसांना न्यायाधिकरणाने कंपनीकडून भरपाई द्यायला लावली, तरी तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. विनापरमिट ट्रकच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, अमृतपाल सिंग विरुद्ध टाटा एआयजी या प्रकरणात, 'आधी द्या, मग मालकाकडून वसूल करा' हीच व्यवस्था कायम केली. भरपाईचा आकडा लाखांत असतो. दोन हजारांच्या भाड्यासाठी दुकान, घर आणि मुलांचे शिक्षण पणाला लागते.

गाडी खरोखरच भाड्याने चालवायची असेल, तर आरटीओत नोंदणी बदलून घ्यावी, परमिट काढावे आणि विमाही प्रवासी वाहनाचा घ्यावा. परराज्यात, म्हणजे हैदराबादला वरचेवर जाणाऱ्यांसाठी अखिल भारतीय पर्यटक वाहन परमिट आहे. त्याचे नवे नियम १ मे २०२३ पासून लागू झाले आणि अर्ज ऑनलाईन करता येतो. चालकांना दिलासा देणारी एक गोष्ट म्हणजे, ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यास साडेसात हजार किलोपर्यंतचे भाड्याचे वाहन चालविण्यास वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय दिला. पण ही सवलत चालकाच्या परवान्यापुरती आहे. गाडीचे परमिट आणि विमा यांतून त्यामुळे सुटका होत नाही.

लेखी बुकिंग

यासाठी वकील किंवा मुद्रांक लागत नाही. पावतीपुस्तकाचे एक पान किंवा मोबाईलवरील एक संदेश पुरे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात :

१) गिऱ्हाइकाचे नाव, माणसे व बॅगा.
२) विमानतळ व टर्मिनल, विमानाचा क्रमांक, तारीख, वेळ.
३) पोहोचण्याचे ठिकाण, तालुका व जिल्ह्यासह.
४) गाडीचा प्रकार, नंबर, चालकाचा मोबाईल.
५) एकूण भाडे, त्यात टोल, पार्किंग, चालक भत्ता धरला आहे की नाही.
६) फुकट थांबण्याची मुदत व नंतरचा दर.
७) आगाऊ रक्कम, विमान रद्द झाल्यास ती किती परत मिळणार.
८) गाडी बिघडल्यास दुसरी गाडी कोण व किती वेळात देणार.

आगाऊ रक्कम मालकाच्या खात्यावर घ्यावी आणि मिळाल्याचा संदेश लगेच पाठवावा. ओळखीच्या माणसाकडून लिहून घेणे अनेकांना अवघड वाटते. पण देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही. लिहिलेल्या व्यवहारात ओळख टिकते. गाडी करणाऱ्या वाचकांनीही भाडे विचारण्याआधी पाटीचा रंग पाहावा आणि परमिट व विम्याच्या प्रती मोबाईलवर मागून घ्याव्यात. ज्याची कागदपत्रे चोख आहेत, तो मालक त्या पाच मिनिटांत पाठवील. जो टाळाटाळ करील, त्याचे भाडे कितीही कमी असले तरी ती गाडी घेऊ नये.