मेमरी मोकळी आहे, पण सलग आहे का?

जळगाव, बांभोरी, धुळे, शिरपूर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या एखाद्या गटाने केळीची प्रतवारी करणारा कॅमेरा लिनक्स बोर्डाला जोडला आणि ‘कॅननॉट अलोकेट मेमरी’ असा संदेश आला, की पहिला संशय रॅमवर जातो. जास्त रॅमच्या बोर्डावर पैसे घालण्याआधी हे चार गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १ : एक जीबी रॅम मोकळी आहे, म्हणजे चार एमबी मिळणारच.

वस्तुस्थिती : कर्नल रॅमचं वाटप सहसा ४ केबीच्या पानांत करतो. बोर्ड काही काळ चालला की वापरातली आणि मोकळी पानं एकमेकांत मिसळतात. वाटण्या झालेल्या शेतासारखंच हे: सातबाऱ्यांवर मिळून दहा एकर, पण दहा ठिकाणी विखुरलेले. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम, दर बिंदूला २ बाइट धरले तर, ४१,४७,२०० बाइटची होते. त्यासाठी १,०१३ पानं लागतात. बडी अलोकेटर दोनाच्या पटीत वाढणारे तुकडे देतो, म्हणून तो १,०२४ पानांचा, म्हणजे ४ एमबीचा तुकडा शोधतो. नेहमीच्या रचनेत हाच त्याचा सर्वांत मोठा तुकडा, आणि तोच सर्वांत आधी दुर्मिळ होतो. कोणत्या आकाराचे किती तुकडे उरलेत, हे प्रॉकमधल्या बडीइन्फो फाइलमध्ये दिसतं.

गैरसमज २ : व्हीमॅलॉकने घेतलेली मेमरी सलग असते.

वस्तुस्थिती : ती फक्त प्रोसेसरला सलग दिसते. विखुरलेली पानं एमएमयू पत्त्यांच्या तक्त्याने जोडून दाखवतो. डीएमए करणारं, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वापरणारं, उपकरण या तक्त्यातून जात नाही. म्हणून ड्रायव्हरने डीएमए एपीआयमधूनच मेमरी मागावी. उपकरणाला किती बिटांचा पत्ता झेपतो आणि कॅशचा मेळ कसा राखायचा, हेही ही एपीआयच सांभाळते.

गैरसमज ३ : सीएमएसाठी (कंटिग्युअस मेमरी अलोकेटर) राखलेली रॅम वाया जाते.

वस्तुस्थिती : सलग मेमरी देण्यासाठी रॅमचा काही भाग राखणारी, सॅमसंगच्या अभियंत्यांनी विकसित केलेली ही सोय २०१२ मध्ये लिनक्स ३.५ मध्ये आली. राखीव भागात कर्नल एरवी हलवता येतील अशी पानं ठेवतो आणि ड्रायव्हरने मागणी केली की ती दुसरीकडे नेतो. या हलवाहलवीला वेळ लागतो, आणि एखादं पान जागचं हललं नाही तर मागणी फसूही शकते. रास्पबेरी पाय ४ वर डिस्प्ले आणि कॅमेऱ्याचे बफर याच भागातून येतात.

गैरसमज ४ : प्रत्येक उपकरणाला सलग मेमरी लागतेच.

वस्तुस्थिती : अनेक नेटवर्क कार्डं आणि डिस्क कंट्रोलर स्कॅटर-गॅदर यादी वाचून विखुरलेल्या पानांवरही काम करतात. उपकरणांसाठी असाच पत्त्यांचा तक्ता वापरणारा आयओएमयू असेल तर विखुरलेली पानं उपकरणालाही सलग दिसतात. ज्या उपकरणाकडे दोन्ही नाहीत, त्यालाच खरी सलग मेमरी हवी. म्हणून डेटाशीट आधी वाचा.

प्रकल्पावर काम करणाऱ्यांना कळकळीने सांगणं आहे : मोठे बफर ड्रायव्हर सुरू होतानाच घ्या, दर फ्रेमला नव्याने मागू नका. मागणीचं उत्तर दरवेळी तपासा. मेमइन्फोमध्ये ‘सीएमए फ्री’चा आकडा बघा आणि तो अपुरा असेल तर बूटच्या वेळी राखीव भाग वाढवा. नवा बोर्ड घेण्याचा विचार त्यानंतर करा.