दूरच्या शिष्यांची शाळा

श्रोतेहो, शिकविणारा एक आणि शिकणारे अनेक, ही स्थिति जगाला नवी नाहीं. नवें इतकेंच कीं, हे अनेक जण आतां एका छपराखालीं बसलेले नसतात. योगासनें शिकविणाऱ्या बाई पुण्यांत, तर त्यांच्या शिष्या नाशिकपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेल्या. गायनाचे शिक्षक मुंबईंत, तर शिष्य बेळगांवांत. फी भरून सल्ला घेणारी ही मंडळी मोबाइलवरील एखाद्या समूहांत एकत्र येते, आणि गुरूचा बहुतेक व्यवहार त्या समूहाच्या द्वारें चालतो. हा व्यवहार नीट कसा चालवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणें आमच्या अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील घेतलीं आहेत. कारण दूर विखुरलेल्या शिष्यांना सांभाळण्याची कला येथें मोबाइलच्या पुष्कळ आधीं लोकांच्या हातीं आली होती.

१९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें जामखेड येथें ग्रामीण आरोग्याचें कार्य आरंभिलें. गांवानेंच निवडलेल्या स्त्रियांना त्यांनीं आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. त्यांतील पुष्कळजणींना अक्षरओळखहि नव्हती. ह्या स्त्रिया एरव्हीं आपापल्या गांवीं काम करीत आणि ठरल्या दिवशीं जामखेडला जमत. तेथें नवा धडा मिळे. शिवाय एकीला गांवांत आलेली अडचण सर्वांपुढें मांडली जाई आणि दुसरीचा अनुभव तिच्या उपयोगी पडे. दवाखान्याचें फिरतें पथक गांवीं जाऊन कामाला हातभार लावी, तें निराळेंच. १९७९ सालीं ह्या दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळालें, आणि पुढें देशोदेशींचे लोक ही पद्धति शिकण्यास जामखेडला आले. नेमानें एकत्र जमणें, परस्परांपासून शिकणें आणि प्रत्यक्ष कामावर कोणाची तरी नजर असणें, हे त्या पद्धतीचे तीन आधार होत.

शेतीच्या शिक्षणांतहि असाच प्रकार आढळतो. १९८९ सालीं इंडोनेशियांत भात पिकविणाऱ्यांसाठीं जी शेतीशाळा सुरू झाली, तिच्यांत शेतकरी आठवड्यास एकदां बांधावर जमत, पीक व कीड स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत आणि काय करावें हें आपसांत ठरवीत. महाराष्ट्रांत पाणी फाउंडेशन ह्या संस्थेनें २०२२ सालीं शेतकरी गटांसाठीं ‘फार्मर कप’ स्पर्धा सुरू केली, तेव्हां तिच्या जोडीला कृषि विद्यापीठांतील तज्ज्ञांनीं मोबाइलच्या पडद्यावरून शेतीशाळा घेतल्या. म्हणजे फळा बदलला. पण गट, नेम आणि पिकाची पाहणी हीं कायम राहिलीं.

आतां साधनाकडे वळूं. व्हॉट्सॲपच्या एका गटांत २०२२ पासून १,०२४ माणसें सामावतात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत अनेक गट एका छत्राखालीं आणणारी ‘कम्युनिटी’ ही सोय त्यांत आली. परंतु जागा आहे म्हणून माणसें भरीत जाणें शहाणपणाचें नव्हे. शाळेच्या दिवाणखान्यांत तीनशें मुलें मावतात; म्हणून कोणी तेथें तीनशें मुलांचा गणिताचा वर्ग भरवीत नाहीं.

ह्यांत धोका काय, तें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. संगमनेर-राहाता भागांतील डाळिंबबागांचा एक सल्लागार आहे आणि त्याचे सर्व बागाईतदार एकाच गटांत आहेत. आंबे बहार धरणाऱ्यांच्या बागांना नोव्हेंबर-डिसेंबरांत ताण द्यावयाचा असतो, म्हणजे पाणी तोडावयाचें असतें. सल्लागारानें गटांत लिहिलें, “आतां पाणी बंद करावें.” ह्याच दिवसांत हस्त बहाराच्या बागेंत फळें पोसत असतात व त्यांना नियमित पाणी लागतें. पाण्यांत खंड पडून पुढें एकदम पाणी मिळालें, तर फळ तडकतें. सल्ला खरा होता. परंतु तो कोणासाठीं आहे हें लिहिलें नव्हतें. अशा एका ओळीनें एखाद्या घराचें वर्षाचें उत्पन्न जाऊं शकतें.

म्हणून पहिला नियम असा कीं, समूहाचे तीन भाग करावे. पहिला भाग सूचनाफलकाचा. वेळापत्रक, हवामान व सर्वांस लागू पडणाऱ्या गोष्टी तेवढ्या तेथें याव्या, व लिहिण्याचा अधिकार फक्त चालकास असावा. तशी सोय २०१८ पासून उपलब्ध आहे. दुसरा भाग लहान वर्गांचा. आंबे बहाराचा एक, मृगाचा एक, हस्ताचा एक, अशी विभागणी कामाच्या अवस्थेवरून करावी. ओळखीवरून किंवा गांवावरून करूं नये. एका वर्गांत पंचवीस-तीस जण पुरेत, कारण तेवढींच नांवें शिकविणाऱ्याच्या ध्यानांत राहतात. तिसरा भाग एकांताचा. कोणाचें कर्ज, कोणाची फी थकली, कोणाचा माल व्यापाऱ्यानें परत केला, ह्या गोष्टी चारचौघांत बोलावयाच्या नसतात. साध्या गटांत प्रत्येकाचा नंबर इतर सर्वांस दिसतो, हेंहि शिष्यास प्रवेशाच्या वेळींच सांगावें.

दुसरा नियम प्रश्नासंबंधीं. “साहेब, डाग पडले आहेत, काय मारूं?” ह्या प्रश्नास उत्तर नाहीं. डाळिंबावरचा तेल्या हा जंतुजन्य रोग आहे. पण बुरशीचे कांहीं डागहि अस्पष्ट छायाचित्रांत तसेच दिसतात, आणि दोहोंचा उपाय एक नव्हे. म्हणून प्रश्नाचा एक नमुना ठरवून द्यावा: बहार कोणता, छाटणी कधीं झाली, पाणी किती, शेवटची फवारणी कशाची व कोणत्या तारखेस, आणि पानाचीं दोन्ही बाजूंनीं उजेडांत घेतलेलीं छायाचित्रें. असा प्रश्न लिहितां लिहितांच शिष्य निरीक्षण करावयास शिकतो. इतकें करूनहि निदान होत नसेल, तर तसें स्पष्ट सांगून नमुना राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत किंवा बाभळेश्वरच्या कृषि विज्ञान केंद्रांत दाखवावयास सांगावें. त्यानें सल्लागाराची प्रतिष्ठा उणी होत नाहीं.

तिसरा नियम वेळेचा. मोबाइल चोवीस तास जागा असतो. शिक्षकानें तसें राहूं नये. उत्तरें देण्याची एक वेळ सकाळीं व एक सायंकाळीं नेमावी. आठवड्यांतून एकदां सर्व वर्गानें पडद्यावर भेटावें, आणि हंगामांत निदान एकदां कोणाच्या तरी बागेंत प्रत्यक्ष जमावें. तांतडीचें काम कशास म्हणावें, हेंहि आधींच ठरवावें. नाहींतर ज्याचा आवाज मोठा त्याचें काम आधीं, अशी रीत पडते.

चौथा नियम हजेरीपटाचा, आणि शिक्षक म्हणून मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समूहांत पांच-सात जण सतत बोलतात. त्यांच्या बोलण्यानें वर्ग जिवंत आहे असा भास होतो. खरी चिंता न बोलणाऱ्याची असते. त्याचें सर्व ठीक चाललें असेल, किंवा तो मनांतून केव्हांच बाहेर पडला असेल. शाळेंत रिकामें बाक दिसतें. मोबाइलवर तें दिसत नाहीं. म्हणून वहींत प्रत्येकाचें एक पान ठेवावें: शेवटचा प्रश्न कधीं आला, काय सांगितलें, तें केलें कीं नाहीं, परिणाम काय झाला. पंधरा दिवस ज्याच्या पानावर नोंद नाहीं, त्याला संदेश न पाठवितां फोन करावा. फी तो इतरांइतकीच देतो. त्याच्याकडे लक्षहि तितकेंच गेलें पाहिजे.

पांचवा नियम शिष्यांच्या परस्परसाहाय्याचा. जुन्या शिष्यानें नव्याला उत्तर द्यावें. जामखेडच्या बायका तशाच शिकल्या. मात्र औषध, मात्रा किंवा पाणी ह्यांविषयीं दिलेलें उत्तर चालकानें पाहून त्याच दिवशीं मान्य किंवा अमान्य करावें. समूहांत चूक लिहिली गेली आणि चालक गप्प बसला, तर वाचणाऱ्यांस त्याची संमति आहे असेंच वाटतें. दुकानदारांच्या जाहिरातींस तेथें थारा देऊं नये. आणि सल्लागारास एखाद्या औषधावर दलाली मिळत असेल, तर ती त्यानें लपवूं नये.

श्रोतेहो, आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं कोणी ना कोणी अशा समूहांत पैसे भरून दाखल झालें असेल. मग तो योगाचा असो, संगीताचा असो वा परीक्षेच्या तयारीचा. फी भरण्यापूर्वीं चालकास तीन प्रश्न अवश्य विचारावे: माझ्या वर्गांत किती जण असतील? माझी नोंद कोण व कशी ठेवील? मी महिनाभर गप्प राहिलों तर तुम्हांला तें कसें कळेल? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्याच्यापाशीं तयार असेल, त्याच्या हातीं आपला शिष्य निर्धास्तपणें सोंपवावा.