एक्स गुणसूत्र आणि आनुवंशिक बौद्धिक अक्षमता

बौद्धिक अक्षमता एखाद्या कुटुंबात मुख्यतः मुलग्यांमध्येच आढळली, तर दोष एक्स गुणसूत्रावर असण्याची शक्यता तपासली जाते. पुरुषाकडे एक्स एकच असल्याने त्यावरील सदोष जनुकाची भरपाई होत नाही. स्त्रीमध्ये दुसरे एक्स ती बऱ्याच अंशी करते. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्यात दोष उतरण्याची शक्यता 50 टक्के असते.

मुंबईत परळला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत आनुवंशिकी संशोधन केंद्र आहे. अशा केंद्रांत चौकशी आजोळापासून होते: मामा, मावसभाऊ यांना असा त्रास होता का? मग वंशावळ मांडून रक्तातील डीएनए तपासला जातो.

एक्सशी निगडित अशा विकारांत सर्वाधिक आढळणारा विकार ‘फ्रॅजाइल एक्स’. त्याचे एफएमआर-1 जनुक 1991 मध्ये सापडले. त्यात ‘सीजीजी’ हा तुकडा साधारणपणे 45 पेक्षा कमी वेळा येतो. हा आकडा 200 च्या वर गेला की जनुक बंद पडते आणि मेंदूला आवश्यक प्रथिन बनत नाही. दोष आल्यास बौद्धिक अक्षमता निर्माण करणारी एक्सवरील शंभराहून अधिक जनुके आता माहीत आहेत.

निदानाने विकार बरा होत नाही. पण रुग्णाच्या बहिणी व मावश्यांना वेळीच तपासणी आणि समुपदेशन मिळू शकते.