पाळी कोणाची?

देवळाली प्रवरात घराच्या माडीवर बसून मी पुण्यातल्या टीमसोबत काम करतो. गेल्या हिवाळ्यात माझी एक पुल रिक्वेस्ट 4 दिवस पडून राहिली. बदल जेमतेम 40 ओळींचा. पैसे भरताना नेटवर्क तुटलं आणि मागणी पुन्हा गेली, तरी रक्कम एकदाच कापली जावी, एवढ्यासाठी केलेला. रिव्ह्यूला टीममधल्या पाचही जणांना टॅग केलं होतं. कोड कोणीच उघडला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा बघतोय.

मग कॉलवर बसून ठरवलं. रिव्ह्यूला एकाच माणसाचं नाव. असाइनी म्हणजे पुढचं पाऊल ज्याचं तो. शंका निघाली की नाव कोड लिहिणाऱ्याचं, दुरुस्ती झाली की परत तपासणाऱ्याचं. पहिलं उत्तर कामाच्या एका दिवसात. गूगलच्या जाहीर मार्गदर्शिकेतही कमाल मुदत हीच आहे. ‘उद्या दुपारी बघते’ हेही उत्तर धरायचं.

अडलं ते रिव्ह्यूंच्या वाटपावर. गिटहबचं राउंड रॉबिन आळीपाळीनं नाव काढतं, लोड बॅलन्स कोणाकडे किती रिव्ह्यू आलेत ते बघतं. पण मोजल्या जातात त्या रिक्वेस्ट. 8 ओळींची एक, 800 ओळींचीही एकच. टीममधली सगळ्यात नवी मुलगी म्हणाली, “माझ्याकडे दोनच आहेत, पण त्यांतच आठवडा जातो.”

मला आमची शेजपाळी, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, आठवली. भंडारदरा धरणाचं आवर्तन सुटायच्या आधी पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचा. मग भिजवायच्या क्षेत्राप्रमाणे तास ठरतात, यादीत नावापुढे वेळ लिहिली जाते, आणि नियमानं पाळी टेलकडून हेडकडे, म्हणजे चारीच्या शेवटाकडून तोंडाकडे येते. रात्री 2 ची वेळ असली तर वडील बॅटरी आणि फावडं घेऊन 2 ला दारं धरायला जातात. चारीवर तेव्हा पाळी कोणाची, हे विचारावं लागत नाही.

टीमला हे सांगितलं. मोठा बदल तोडूनच पाठवायचा. तुटत नसेल तर लिहिणाऱ्यानं सोबत बसायचं आणि तपासणाऱ्याच्या नावावर दोन पाळ्या धरायच्या, असं ठरलं.

माझ्या त्या 40 ओळींवर नव्या मुलीचं नाव लागलं. दुपारपर्यंत तिचा प्रश्न आला: “दादा, मागणीचा क्रमांक पुन्हा पाठवायच्या लूपच्या आत का तयार होतोय? मग प्रत्येक वेळी तो नवाच मिळणार ना?”

तसंच होत होतं. रक्कम दोनदा कापली गेली असती. ती ओळ लूपच्या वर नेली आणि रिक्वेस्ट पुन्हा तिच्या नावावर केली.